काट्यावरची खुर्ची
किलिमांजारोच्या विवरात तंबू लागले, सूर्य बर्फाच्या भिंतीआड गेला आणि मुख्य गाइड किवेलू खेकसला, "माझी स्लीपिंग बॅग कुठाय रे?" हमाल अमिनिएलने पाठीवरचं ओझं उतरवून पाहुण्यांची घडीची खुर्ची त्याच्यापुढे मांडली. "सकाळी खालच्या तळावर ओझं तोललं, तर काटा वीस किलोच्या मर्यादेवर गेला, काका. काहीतरी काढावंच लागलं." किवेलूचं तोंड उतरलं. गेल्या वर्षी त्याच काट्यावर, याच खुर्चीसाठी, त्याने अमिनिएलच्या धाकट्या भावाच्या ओझ्यातून त्याचं पांघरूण काढून फेकलं होतं. "एका रात्रीनं काय मरतोस?" म्हणाला होता. आता त्याने आजूबाजूला पाहिलं. एकेक हमाल मान फिरवून तंबूत शिरत होता. "अरे, गारठून मरेन मी!" "छे हो, एका रात्रीनं कोण मरतं? माझा भाऊ तरी कुठं मेला? बसा निवांत. सकाळी पायाची बोटं मोजून बघा. त्याची चार उरलीत."