आठ आऱ्यांचं कोडं

राजकन्याचं शब्दकोडं दर रविवारी नांदेडच्या पेपरात यायचं. गाडीच्या चाकासारखं गोल, आठ आऱ्यांचं. प्रत्येक आऱ्यावर बाहेरून आत वाचायचा एक शब्द, आणि सूचना अशा आडवळणाच्या की मास्तरांनीही डोकं खाजवावं. हा खेळ तिला बापानंच शिकवलेला. आधी चाकाची कड वाचायची, मग आत शिरायचं.

सासूनं, तारामतीनं, तिचा फोन काढून घेतला, माहेर तोडलं. कोडं तेवढं चालू ठेवलं. चार बायकांत सांगायला बरं.

तारामती दुसरीतच शाळेतून उठलेली. सबंध शब्द तिला झेपायचा नाही, अक्षराअक्षरावर बोट ठेवत ती पुढं सरकायची. आज तिनं सुनेपुढचा कागद ओढला आणि चाकाच्या कडेकडेनं बोट फिरवलं. "बा... पू... म... ला... घे... ऊ... न... जा."

राजकन्यानं कागदाचं टोक धरलं. "आत्याबाई, पाया पडते, फाडू नका. बापूंच्या हाती अजून पेपर लागला नसंल."

"फाडू कशाला? मागची चारबी वाचली मी, त्यातबी कडेला हेच. पाठव की हेबी."

तारामतीनं गादीखालून चार मंगळवारची कात्रणं काढून तिच्यापुढं टाकली. बरोबर उत्तर कळवणाऱ्यांची नावं.

"बघ, चारीत पहिलंच. व्यंकटी बारसे, अर्धापूर. लई हुशार हाय गं तुझा बाप. एकबी कोडं चुकला न्हाई."