कल्याणहून चौकशीला

कुंडलिक अहिरे यांना काहीही झालेलं नाही, हे डॉक्टर मंदाकिनी कर्णिक यांनी ते खुर्चीत टेकायच्या आधीच ओळखलं.

"ॲसिडिटी आहे जरा," अहिरे म्हणाले.

"कुठून आलात?"

"कल्याण."

ॲसिडिटीसाठी कोणी कल्याणहून ठाण्याला नौपाड्यात येत नाही. वाटेत डॉक्टरांचा काय दुष्काळ पडलाय? त्यात कडक इस्त्रीचा शर्ट आणि नुकतीच केलेली दाढी. असले पेशंट बाईंनी चाळीस वर्षांत भरपूर पाहिले होते. पूर्वी लोक लग्नाआधी पत्रिका बघायचे, आता फॅमिली डॉक्टरला गाठतात. पोट दाखवायला येतात आणि मुलीचं विचारतात.

बाईंनी पोट दाबून बघितलं. पोट उत्तम होतं.

"तांब्यांची मेघना तुमच्याकडेच येते ना?" झोपल्या झोपल्या अहिऱ्यांनी विचारलंच. "आमच्या प्रफुल्लसाठी बघतोय. दोघं खडवलीला एकाच शाळेत शिकवतात. पोरगी चांगलीये, पण आपलं विचारलेलं बरं."

"उठून बसा. आ करा."

आणि बाईंनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर सरकवलं.

हा त्यांचा जुना उपाय. घरी चार डिजिटल थर्मामीटर होती, पण दवाखान्यात त्यांनी काचेचंच ठेवलं होतं. चौकशीवाल्यांना त्याच्याइतकं गुणकारी औषध दुसरं नव्हतं.

"तोंड उघडायचं नाही. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं खरं तर बाईंनाच हवी होती.

सहा वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांची मेघना खोकला घेऊन आली होती. जाता जाता म्हणाली, समोरच्या बिल्डिंगमधले लोक माझ्या मनातलं मोठ्यानं वाचून दाखवतात. तिची आई हसली, "अभ्यासाचं टेन्शन हो!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला आणखी अर्धा तास बसवून घेतलं, तिच्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला आणि त्याच आठवड्यात तिला तिकडे पाठवलं. मग दोन वर्षं दर बुधवारी शेवटचा पेशंट मेघना. झोप लागते का, आवाज येतात का, गोळ्या घेतेस का. गोळ्यांनी वजन वाढलं म्हणून रडली, तेव्हा दवाखाना बंद करून बाई तिला तलावपाळीला फेऱ्या मारायला न्यायच्या. दुसऱ्या फेरीला धाप बाईंनाच लागायची, आणि मेघना पोट धरून हसायची. तिचं ते हसणं परत आलं तेव्हा बाईंना एखादी शर्यत जिंकल्यासारखं वाटलं होतं.

गेल्याच बुधवारी ती पेढे घेऊन आली होती. प्रफुल्लबद्दल सांगताना कानापर्यंत लाल झाली आणि मग म्हणाली, "आजाराचं सांगायचं तेव्हा माझं मी सांगेन हां, मॅडम." बाईंनी शब्द दिला होता. तिनं सांगितलं की नाही, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

थर्मामीटर काढलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"ताप नाही," बाई म्हणाल्या.

"मेघनाचं काय?"

"अहो, इथे कोण येतं आणि कशाला येतं, हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही. बिचारा विचारून विचारून थकला."

अहिरे हसले, पण जागचे हलले नाहीत. "मध्ये वर्षभर तिचं कॉलेज बंद होतं म्हणतात. म्हणजे काहीतरी मोठं असणार."

बाईंनी पुन्हा थर्मामीटर झटकलं.

"ते राहू द्या," अहिरे म्हणाले. "हे बघा डॉक्टर, 'तिला काही झालेलं नाही' एवढं बोला, मी निघालो. आणि गप्प बसलात, तर आम्हाला समजायचं ते आम्ही समजू."

आता आली का पंचाईत! खोटं बोलावं तर आजवरच्या प्रॅक्टिसवर पाणी. गप्प बसावं तर पोरीचं लग्न मोडणार, आणि तेही आपल्यापायी. बाईंना त्या माणसाचा मनस्वी राग आला.

"समजा हो, काय हवं ते समजा," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. उद्या तुमच्या घरचं कोणी माझ्याकडे आलं आणि परवा त्याची चौकशी करत कुणी आलं, तरी मी हेच करणार. अगदी देशाचा राष्ट्रपती आला, तरी तोंडात हेच थर्मामीटर! त्या मुलीबद्दल काही विचारायचं असेल तर तिलाच विचारा. आता निघा."

अहिरे उठले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. रडता रडता ते चक्क हसत होते.

"हरलो," ते म्हणाले. "मेघना म्हणालेली, काय वाटेल ते करा बाबा, मॅडमच्या तोंडून एक शब्द काढून दाखवा."

"बाबा?" बाई म्हणाल्या.

"लग्न ठरलंय, डॉक्टर. बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार. पोरीनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, गोळ्यांच्या नावासकट. तिची चौकशी कशाला करू? मी आलोय तुमची करायला." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमची धाकटी, दिशा, पंधरा दिवस झोपलेली नाही. पंख्यातून कोणीतरी नाव घेऊन हाका मारतं म्हणते. डॉक्टरचं नाव काढलं की दार लावून घ्यायची, पण आज निघाली. खाली रिक्षात बसलीय, मेघनाचा हात धरून."