परसातला शेवगा

टाकव्यात विचारत विचारत आलेली गाडी दारात थांबली, तशी नंदाबाई उंबऱ्यात आली. उतरलेल्या माणसानं मोबाईल पुढं धरला. त्यात तिचा नवरा हसत सांगत होता, "शेवग्याच्या पाल्याचा रस पितो, जरा बरं वाटतंय." खाली कुणीतरी ठळक लिहिलं होतं, 'डायलिसिस कायमचं बंद!' तिनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट दाखवलं. "ते डायलिसिसच सोडलं, अन् म्हैन्यात मालक गेलं." गाडीत पोरगी मान टाकून बसली होती. नवऱ्याचं शेवटी सुजलं होतं, तसंच तिचं तोंड सुजलेलं. "दादा, पाया पडते, लेकीला दवाखान्यात न्या. ते झाडबी तोडलंय म्या." माणूस परसात गेलाच. उरलेला बुंधा बघून त्याचा चेहरा उजळला. "मावशी, तुमच्या यजमानांचं तिथंच चुकलं. ते पाला घेत होते. नव्या व्हिडिओत मूळ सांगितलंय. पहार आहे का?"