खुर्चीचा निकाल

१९९८ सालची गोष्ट. अलाबामातल्या एका तुरुंगात पहारेकऱ्याने लायनेलला दोन दिवस खुर्चीला जखडून ठेवलं आणि तो खुर्चीतच गेला. त्याच्या आईने, अर्नेस्टीनबाईंनी, पहारेकऱ्यावर दावा लावला. अपिलात त्या हरल्या, तेव्हा कोर्टाच्या पायरीवर त्यांचा वकील प्रुएट त्यांना समजावत होता.

“मावशी, कैद्याला खाटेला बांधू नये, असा जुना निकाल आहे. खुर्चीबद्दल कुठेच नव्हता. आणि नेमकं तेच कृत्य आधीच्या निकालात चूक ठरलेलं नसेल, तर सरकारी माणसावर दावा टिकत नाही. म्हणून तो सुटला.”

“खाट काय नि खुर्ची काय, हे कळायला निकाल लागतो होय रे?”

“पण आजच्या निकालात खुर्चीलाही बांधू नये, असं लिहिलं गेलंय. यापुढे कुणी सुटणार नाही.”

“म्हणजे कुणाचं तरी लेकरू वाचेल,” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

रविवारच्या पेपरात प्रुएटने लेख लिहिला: हरलेल्या आईने कायदा जिंकला.

प्रुएट पुढे न्यायाधीश झाला. पहारेकरी पेन्शन घेऊन नदीवर मासे पकडत बसला. लायनेलचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलं आणि त्याच निकालाच्या जोरावर पाच वर्षांनी त्या तुरुंगाविरुद्धचा पहिला खटला जिंकला गेला.


तोही अर्नेस्टीनबाईंचाच होता. या खेपेला खुर्चीत धाकटा गेला होता.