वाट बुडेपर्यंत

पहिली लाट वाटेवरून आरपार गेली, तरी तांगी तोफेला टेकून निवांत बसला होता. शेजारी बसलेली त्याची मुलगी रोझेन त्या लाटेकडे बघत होती.

समुद्रातल्या या किल्ल्यावर ओहोटीला खडकांवरून चालत यायचं आणि भरतीच्या आधी चालत परतायचं. उशीर झाला, की पुढच्या ओहोटीपर्यंत बसा तटावर वारा खात. अडकतात ते बाहेरून आलेले पाहुणे. किल्ल्यातच राहून तिकिटं फाडणारी सोइझिक त्यांच्या मागे घसा फोडत फिरते. गावच्या माणसाला मात्र ती चकार शब्द बोलत नाही. फ्रान्सच्या या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या कोळ्याला भरतीची आठवण करून देणं म्हणजे चारचौघांत त्याची अक्कल काढणं.

रोझेनला आज आपल्या कोळी बापाची नेमकी तीच अक्कल तपासायची होती. बाबा एकदा गॅस चालू ठेवून बाजारात गेले होते. एकदा शेजाऱ्याच्या घरात शिरून आपली टोपी शोधत बसले होते. हे नुसतं वय आहे, की डोकंच जातंय? दूर रेन शहरात बसून तिला काही उमगत नव्हतं. वृद्धाश्रमवाले आज संध्याकाळी उत्तर मागणार होते. म्हणून तिने मनाशी ठरवलं होतं, की परत निघायची वेळ बाबांनीच सांगायची. सांगितली, तर ते आपल्या घरी राहतील. नाही सांगितली, तर मात्र इलाज नाही.

आणि बाबा जाळ्यात सापडणाऱ्या बांगडा माशांबद्दल बोलत होते! मग आईच्या लोणी घातलेल्या केकबद्दल. मग पुन्हा बांगड्यांबद्दल. रोझेन पाण्याकडे बघायची, ओठांवर आलेले शब्द गिळायची आणि पुन्हा पाण्याकडे बघायची. आपण पोटच्या बापाची परीक्षा घेतोय, याची तिला लाज वाटत होती.

शेवटच्या पाहुण्यांना वाटेला लावून सोइझिक वर आली. दोघांना बघून ती चपापलीच.

"काय तांगीकाका, आज माझ्या हातचं सूप प्यायचा बेत दिसतोय!"

"कांदा जरा सढळ हाताने घाल," तांगी म्हणाला.

ही थट्टा होती, की त्यांना काहीच कळलं नव्हतं? सोइझिकने रोझेनकडे पाहिलं. रोझेनने मान खाली घातली. सोइझिक गोंधळून आपल्या खोलीकडे निघून गेली.

पाणी दोन्ही बाजूंनी आलं आणि मधोमध मिळालं. वाट दिसेनाशी झाली. रोझेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उत्तर मिळालं होतं, आणि तिला ते नको होतं.

"बाबा, वाट गेली."

"जाणारच. मी केव्हाचा बघतोय."

"तुम्हाला कळत होतं? मग बोलला का नाहीत?"

तांगीने तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अगं, भरती ओळखायला तुला मीच शिकवलंय. तू सारखी पाण्याकडे बघत होतीस आणि निघूया म्हणत नव्हतीस. मला वाटलं, इतक्या वर्षांनी पोरीला बापाजवळ जरा बसावंसं वाटतंय."