दारावरचं यंत्र

मैदानावर किती मुली फुटबॉल खेळायला येतात ते मोजायला क्रीडा खात्याने दारावर यंत्र बसवलं. दुसऱ्याच वर्षी आकडा तिप्पट! मोठे साहेब फोटोवाल्यासकट हजर.

"बाई, काय जादू केलीत?"

प्रशिक्षक बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "डोंबलाची जादू! आतला नळ वर्षभर बंद आहे. दुरुस्तीसाठी सहा अर्ज केले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याच वीस मुली दोन-दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन येतात, आणि तुमचं यंत्र दर वेळी नवी मुलगी मोजतं."

साहेबांनी सगळं वहीत टिपून घेतलं. बाईंना वाटलं, चला, सुटला एकदाचा नळाचा प्रश्न.



आठवड्याभरात हुकूम निघाला: बाकीच्या मैदानांवरचेही नळ बंद करा.