अंगात मुरलेली मिरची

जिन्यात गॅसचा वास आला तशी वैशाली धावतच वर आली. दारात चप्पल काढायचंही भान राहिलं नाही. आत तिची सासू दुर्गाबाई बाबासाहेबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला काडी ओढायच्या बेतात होती. वैशालीने काडेपेटी हिसकावली आणि खिडकीबाहेर भिरकावली.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुरू. कोपऱ्यात चटईवर छोटी नमिता झोपलेली. वैशालीने बटण बंद केलं, दार-खिडकी सताड उघडली, लेकीला उचलून शेजारणीकडे दिलं आणि परत येऊन सासूसमोर उभी राहिली.

"आत्याबाई, अख्ख्या बिल्डिंगीत वास मारतोय. तुमी शेगडीशेजारीच होता."

"मला न्हाई आला बाई."

"परवा नासलेल्या दुधाचा चहा पाजलात. काल डाळीचा कोळसा केलात. आज पोरीला जाळणार होता का? किती लक्ष ठेवायचं मी तुमच्यावर?"

"मी काय मुद्दाम करते व्हय?"

वैशालीला या बाईचा अगदी वीट आला होता. रोज नवीन काहीतरी, आणि विचारलं की हे असं. तिने मोरीतून फिनेलची बाटली आणली आणि झाकण काढलं.

"डोळे मिटा. हे काय आहे, सांगा."

दुर्गाबाईने डोळे मिटून लांब श्वास घेतला. बाटली नाकाला टेकली होती.

"मोगरा," ती ठामपणे म्हणाली. उदबत्ती ती नेहमी मोगऱ्याचीच आणायची.

वैशालीने बाटली खाली ठेवली. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

तुर्भ्याच्या मिरचीच्या गोदामात दुर्गाबाईचा भारी मान होता. नवीन बायका शिंकून, खोकून बेजार व्हायच्या, काही तर दुपारीच पळून जायच्या. मग मुकादम दिनानाथ म्हणायचा, दुर्गामावशीकडे बघा, एक शिंक नाय. म्हणून तर तिला पूड चाळायला बसवलं होतं. तिथे दुसरं कुणी टिकतच नव्हतं. वैशालीला तिथेच कामावर लागून आठवडा झाला होता. उद्यापासून तिलाही सासूशेजारी चाळणीवर बसवणार होते. बसून काम, वर पंखा. दुर्गाबाईनेच मुकादमाच्या मागे लागून ते मिळवलं होतं.

"माझ्या शिंकांची तुमाला लाज वाटायची," वैशाली म्हणाली. "सोस म्हणायचात. मिरची अंगात मुरली की काय होत नाही म्हणायचात."

"समद्याच म्हनतात तसं."

"तुमच्यात कधी मुरली?"

दुर्गाबाई आठवू लागली. "ध्यानात न्हाई गं. एक दिवस शिंका थांबल्या. लई बरं वाटलं. दिनानाथनं समद्यांना चहा पाजला."

दुर्गाबाईने फिनेलची बाटली स्वतःच उचलली, पुन्हा हुंगली, झाकण लावून ठेवून दिली. मग म्हणाली, "उद्या तू यायचं न्हाई. मी सांगते त्याला."

"काय सांगणार?"

"सांगते, सुनेचं नाक अजून चांगलं हाय."

वैशालीने गोदामात तोंडाला बांधायची ओढणी खिडकीत झटकली. लाल धूळ उडाली आणि तिला सणसणून शिंक आली. सवयीने तिने घाईघाईने तोंडावर पदर धरला.

दुर्गाबाईने तो पदर हाताने खाली ओढला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अजून एक येतीय का बघ," ती म्हणाली.